बाबांच्या हातातला झाडू

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे कोणी मोटार आणत नाही. तिने आणली, तीही पिशवीतून. बाबांच्या तरुणपणीची हातभर लांबीची लाल शर्यतीची गाडी. आत इंधनावर चालणारं खरंखुरं इंजिन, पण जाम झालेलं.

"शेजारचं हार्डवेअरचं दुकान बंद आहे... तुमच्याकडे बारीक पाना मिळेल?"

त्याने डोळ्यावरचं भिंग वर केलं. "मिळेल. पण तुम्ही गाडी ज्या तऱ्हेने धरलीय, ती बघून देववत नाही."

"मी दातांची डॉक्टर आहे. हात स्थिर असतात माझे."

"म्हणजे उपटायची सवय. ठेवा इथे."

त्यानंतर दर शनिवारी दवाखाना बंद झाला की ती दुकानात. इंजिन केव्हाच मोकळं झालं होतं. पण कधी चाक घासायचं, कधी टाकी पाझरायची... आज मात्र काहीच उरलं नव्हतं. गाडी धावली की शनिवार संपले. हे तिला कळत होतं. त्याला कळतंय का, ते कळत नव्हतं.

बाबांना घेऊन दोघं मैदानात आले. तिथे सिमेंटचं गोल रिंगण, मधोमध खांब. गाडी तारेने खांबाला बांधायची, काठीने ढकलायची आणि वेग येईपर्यंत कोणीतरी खांबापाशी तार ओढत गोल फिरायचं. थांबवायला झाडू: गाडीच्या पाठीवरच्या काडीला तो लागला की इंधन बंद. काठी आणि झाडू बाबांकडे, तार तिच्याकडे.

इंजिन नुसतंच खोकललं. पुन्हा तेच.

"एकटीचं काम नाही हे," म्हणत तो रिंगणाबाहेरून आत खांबापाशी आला. तिच्या हातांपुढे त्याने तार धरली. या खेपेला गाडीने सूर पकडला. बघता बघता तिची लाल रेघ झाली. आता फिरत्या तारेतून बाहेर पडायची सोय नव्हती. दोघं खांबाला चिकटून उभे.

"झालं तर मग!" ती त्याच्या कानाशी ओरडली. "आता... दुरुस्तीला काही उरलं नाही."

तो एकदम म्हणाला, "ते चाक घासायचं ना... स्क्रू मीच ढिला ठेवायचो."

ती हसायला लागली. "आणि टाकीची नळी? ती मी घरून सैल करून आणायचे!"

गाडी एक फेरा मारून गेली.

"मग पुढच्या शनिवारी काय आणू?"

"काही नको. रिकाम्या हाती या."

तिचे कान तापले. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती ओरडली, "बाबा, झाडू!"

बाबांनी झाडू काखेत मारला, चष्मा काढला आणि सावकाश पुसायला घेतला.