सांता ब्रिहिदाच्या भुयारात बाई

"पाच तमाले दे. तिखट जरा बेतानं—"

"एवढा आडदांड गडी, आणि मिरचीला भितो?"

"भीत नाही, जिभेला जपतो. तुझ्याशी बोलायचंय ना!"

ओब्दुलिया लाजली, आणि लाजेपायी सहा तमाले देऊन बसली.

मेक्सिको शहराच्या टोकाला, सांता ब्रिहिदा उपनगरात, तेव्हा भुयारी रेल्वेचं स्टेशन खणत होते. खड्ड्याच्या तोंडाशी ओब्दुलिया मक्याच्या पानात वाफवलेले तमाले विकायची. नासारिओ आणि त्याचा भाऊ फिदेन्सिओ खाली खणायचे. वर आला की नासारिओच्या भुवयांवरसुद्धा माती, पण नजर थेट हिच्याकडे. तीन महिन्यांत पोरगी पुरती गुंतली.

"मला खाली ने ना..."

"बाई भुयारात उतरली की जमीन रुसते म्हणतात."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी? मी म्हणतो, चल!"

तीन मे, पवित्र क्रूसाचा सण. कामगारांनी फुलांचा क्रूस उभारला आणि सगळे वर जेवायला बसले. हे दोघं हळूच खाली उतरले. ओलसर गारव्यात त्यानं तिचा हात धरला.

"इथं फलाट होणार. पहिल्या गाडीनं आपण दोघं जायचं."

"बायको म्हणून नेणार असशील तर—"

"मग काय, पाहुणी म्हणून?"

तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.

चौथ्या दिवशी भुयाराचं छत खचलं. फिदेन्सिओ त्यात गेला.

सणादिवशी ह्या दोघांना वर येताना कुणीतरी पाहिलं होतं. नासारिओबरोबर खाली उतरायला एकही गडी तयार होईना. शेवटी त्याला दुसऱ्या शहरातलं काम धरावं लागलं. बस सुटायच्या आधी तो म्हणाला, "तूही चल, ओब्दुलिया."

"आधी एक सांग. माझ्यामुळे झालं, असं तुला वाटतं का रे?"

त्यानं मान खाली घातली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"नाही..." तो म्हणाला.

हे "नाही" यायला फार वेळ लागला होता. "जा तू," ती म्हणाली, "जपून राहा."

दोन वर्षांनी स्टेशन सुरू झालं. पहिल्याच सकाळी बायकांची झुंबड उडाली. हातात बाजाराच्या पिशव्या, कडेवर पोरं... हसत-खिदळत शेकडो जणी खाली उतरल्या आणि गाडीत बसून गेल्या. कुठं काही खचलं नाही.

"बघ ना रे..." शेजारी कुणीच नसताना ओब्दुलिया म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.