दोन झाडांमधलं दगडफूल

ओकच्या सालीवर नखाएवढा करडा-पांढरा डाग होता. भिंगातून पाहिलं की त्यावर पिठीसारखे बारीक ठिपके दिसत. अशी दोन दगडफुलं असतात, दिसायला अगदी सारखी. पण त्यांतलं एक कडू. म्हणून हेलेदने बोटाच्या टोकावर थोडी पिठी घेतली, जिभेला लावली आणि डोळे मिटून वाट पाहू लागली.

"झाडं चाटायची परवानगी आहे का इथे? नाही म्हणजे, मलाही भूक लागलीय."

तिने डोळे उघडले. समोर चिखलाने माखलेले बूट, आणि त्या बुटांत एक उंच, भिजलेला माणूस. नाव गेथिन. वरच्या शेतांवर मेंढ्यांसाठी दगडी गडगे रचायचा. रानातली वाट जवळची म्हणून इकडून आला होता.

तिने पिठी लागलेलं बोट पुढे केलं. त्याने चिमूटभर पिठी जिभेवर ठेवली, काहीच लागत नाही म्हणाला, टोपी सावरून निघालाही... आणि वळणापाशी थबकला.

"अहो बाई, काय खायला घातलंत हे?"

"उशिरा कळतं," ती गंभीरपणे म्हणाली. "तेवढं थांबायचं असतं."

पुढच्या रविवारी तो स्वतःचं भिंग घेऊन हजर. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि आपणच झाडाशी जायचं, हे तिने शिकवलं. मग एकाच सालीपाशी दोन डोकी... त्याच्या ओल्या लोकरी स्वेटरचा वास, आणि हेलेदच्या तोंडी भलत्याच शेवाळाचं नाव. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

दगडफुलं ओळखायला शिकवणाऱ्या रविवारच्या या रानफेऱ्या म्हाताऱ्या पग बाई चालवायच्या. खात्री नसेल तर नाव द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. तरी एकदा चहा ओतता ओतता त्यांनी हेलेदला टोमणा मारलाच, की दगडावरचा प्रत्येक डाग ओळखतेस, आणि हा एवढा सहा फुटी नमुना बाई तुला ओळखता येईना!

खरंच येत नव्हता. त्यातच दूर एडिंबरोच्या वनस्पती-संग्रहालयाने नोकरी देऊ केली होती आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नोकरी तिला हवी होती. गेथिनही... बहुधा. काय ठरलं, असं तो विचारायचा. ती 'बघू' म्हणायची. मग त्याने विचारणंच सोडलं. रागावला असेल? की त्याला काही फरकच पडत नव्हता?

उत्तराच्या आदल्या दिवशी, रविवारी, तो आला तो हातात हिरवंगार, पानासारखं पसरट दगडफूल घेऊन. फुप्फुसासारखी जाळी असलेलं, आता क्वचितच दिसणारं, वाढायला वर्षं घेणारं. हेलेदचा तोल गेला. ही काय फुलं आहेत का, तोडून आणायला? इतके महिने शिकून हेच कळलं का?

त्याने सगळं ऐकून घेतलं. "चल," एवढंच म्हणाला.

ओढ्याकाठचा जुना ॲश वृक्ष वादळात आडवा झाला होता. शेजारच्या उभ्या झाडावर त्याच दगडफुलाचे तुकडे बारीक जाळीखाली नीट ठोकून बसवलेले.

"हा एक राहिला होता," तो म्हणाला. "कुठे लावू, ते विचारायला आणला होता."

हेलेद ओशाळली. जगेल का, असं तिने हळूच विचारलं.

"पग बाई म्हणाल्या, जगेल किंवा नाही जगणार. वर्षभर तरी कळायचं नाही. पण पडल्या झाडावर राहिलं तर मरणार, हे नक्की."

तिने तुकडा सालीशी धरला. त्याने जाळी ताणली, खिळा टेकवला. त्याचं कोपर तिच्या खांद्याला लागलं... त्याने ते काढलं नाही. मुद्दाम? की जागाच अडचणीची? तिला अजूनही खात्री नव्हती.

"गेथिन, मी एडिंबरोला जाणार आहे."

हातोडी वरच्या वर थांबली.

"आणि तू माझ्याबरोबर यावंस," ती म्हणाली, "असं मला वाटतं."