खोक्याची मागची बाजू

ओळखदेख नसताना त्याने दुकानात नर्सच्या गणवेशातल्या तिची वाट अडवली, हातात कुरकुरीत ओट्सचं खोकं धरून.

"सिस्टर, बाबांना शुगर आहे. सकाळी हे चालेल?"

तिला ड्युटीची घाई. खोक्यावर हिरवं पान, खाली ठळक 'आरोग्यदायी'. "चालेल की!" म्हणाली आणि पळाली.

चार महिन्यांनी तो दवाखान्यात तिच्यासमोर उभा राहिला. वडिलांच्या पायाला जखम झाली होती. आता रोज सकाळी ड्रेसिंग, मग बाकावर बसून बाबांचा नाश्ता, मग ह्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिचे डोळे आठपासूनच दाराकडे लागायचे.

"सिस्टर, उद्या सुट्टी?"

"ड्रेसिंगच्या खोलीबाहेर सिस्टर म्हणायचं नाही."

"मग... काय म्हणू?"

"सुचेल तेव्हा सांगा—"

"मला पाय दुखतोय, कान नाही," बाबा म्हणाले. दोघं लाजून चूर!

पण जखम भरेना, साखर उतरेना. दोन बोटं कापावी लागली. आता पाऊलही जाईल, डॉक्टर म्हणाले.

"गोड बंद आहे हो," तो काकुळतीने सांगत होता. "चहासुद्धा बिनसाखरेचा. सकाळी फक्त तुम्ही सांगितलेलं खोकं... वाडगाभर."

बाकावरचं खोकं तिने उलटं केलं. मुंगीएवढी अक्षरं: मध, माल्टचा अर्क, आटवलेला फळांचा रस, उसाचा पाक. नावं चार, साखर तीच. बोलावं तर हा तोंड बघणार नाही, गप्प बसावं तर बाबांचं नुकसान.

"खिशातलं भिंग काढा," ती म्हणाली. "वाचा. मी न वाचताच सांगितलं होतं तुम्हाला."

त्याने वाचलं. दोनदा.

"दिवसभर भिंग लावून बसतो मी... हे तेवढं वाचलं नाही. तुम्ही म्हणाला होतात ना!" बाबांना आधार देत तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारच्या पाळीत येऊ लागले. तिला अन्न गोड लागेना.

पाऊल गेलंच.

पंधरा दिवसांनी, सकाळी आठला, तो एकटा दारात उभा.

"दुसरा पाय वाचवायचाय. सकाळी काय देऊ?"

"उकडलेली अंडी. नाहीतर साधे ओट्स, वरून शेंगदाणे. खोक्यातलं तयार काही नको." मग तिने हळूच विचारलं, "राग... गेला?"

"नाही."

ती मान खाली घालून पट्ट्या आवरू लागली. तो हलला नाही. मग त्याने भिंग तिच्या तळहातावर ठेवलं.

"पण दुकानात बरोबर चला. एकट्याने काही घ्यायची भीती वाटते मला."