लाल रेघ

आरोग्य केंद्राची जीप सकाळी ओढ्यात रुतलेली सापडली. पलीकडच्या वाडीत साप चावलेली रतनबाई त्याच जीपची वाट बघत मेली. सत्त्याण्णवचा पावसाळा होता. खापर फुटलं ड्रायव्हर भाऊसाहेबांवर: दारू पिऊन वाट चुकला!

थेंबालाही न शिवणाऱ्या बापावर हा आळ? दीपाच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाची नोकरी गेली तर गेली, पण हे ज्यानं केलं त्याला ती सोडणार नव्हती.

"म्या श्रीरामपुरातनं नवीन आलेला. राजूरचा डोंगर मला काय ठावं?" भाऊसाहेब म्हणाले. "नकाशा बघून गेल्तो. जाड लाल रेघ हुती, म्हंजी डांबरीच. आता वाडीवाले म्हणत्यात, तिथं निस्ती पाऊलवाट हाय."

दीपानं नगर गाठलं. नकाशा कार्यालयात संगणकावर निकिता नावाची मुलगी होती.

"या नकाशात पाऊलवाटा का नाहीत?"

"एवढ्या लहान छपाईत त्या उमटतच नाहीत. मंत्र्यांना दाखवायला केलेला नकाशा आहे हा."

"मग ही लाल रेघ?"

"तिला डांबरी रस्त्याची खूण आहे."

"कुणी दिली?"

निकितानं नुसतं साहेबांच्या केबिनकडे पाहिलं.

साहेब, म्हणजे आप्पासाहेब, निवांत होते. "मीच दिली. मोजणीदारानं डांबरी सांगितला म्हणून. तो बिचारा वारला. मी त्या डोंगरात पाऊलही ठेवलेलं नाही."

मेलेला माणूस साक्षीला थोडाच येतो!

उन्हाळ्यात फौजदार पाहणीला निघाले. दीपाच्या हट्टामुळे जीप भाऊसाहेबच चालवत होते, शेजारी आप्पासाहेब. आजवर ओढ्यापुढे चौकशीला कुणी गेलंच नव्हतं. कोरडा ओढा ओलांडून जीप झुडपं मोडत निघाली.

"बाबा, डांबरी रस्ता आहे. दाबा!" दीपा मागून ओरडली.

"थांबवा!" आप्पासाहेब किंचाळले. "वळणावर कडा आहे!"

भाऊसाहेबांनी ब्रेक मारला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"कडा आहे हे तुम्हाला कसं कळलं?" फौजदारांनी विचारलं.



"मी सांगते," दीपा म्हणाली. "हे मोजणीदाराबरोबर इथे आले होते. ही पाऊलवाट यांनी डोळ्यांनी पाहिली. पण ती छापून येईना, आणि मंत्र्यांपुढे वाडी एकटी पडलेली दिसणार. म्हणून यांनी तिला डांबरी करून टाकलं."

"नकाशाचा तो कोपरा फार कोरा दिसत होता हो," आप्पासाहेब पुटपुटले.

दीपानं नकाशा त्यांच्या हातात कोंबला. "वाडीत रतनबाईची आई बसलीय. ही रेघ धरून चालत जा, आणि हेच तिला सांगा."

फौजदारांनी खाली उतरून जीपचं दार उघडून धरलं.