झुंबरबाईचं खुरपं

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे घडलंय. २०२३च्या नोव्हेंबरात, धावड्याजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये, भर दुपारी.

कांताबाईला नात अक्षता जालन्याहून घेऊन आली होती. कांताबाई ऐंशीची, जन्म इथलाच. ती दीड वर्षाची असताना तिची माय गेली. बाप दुसरं लग्न करून तिला घेऊन जालन्याला गेला. सावत्र आई उठताबसता म्हणायची, "तुझी माय तुला टाकून पळाली."

बिचारी जन्मभर तेच उराशी धरून जगली.

चर्चची देखभाल करणाऱ्या रामकिसनने मंडळीचं जुनं रजिस्टर काढलं. अक्षता बोट फिरवत वाचू लागली.

झुंबरबाई, शेतकरी कडूबाची बायको. बाप्तिस्मा. लग्न. मग लेक कांताचा बाप्तिस्मा.

पुढचं पान...

दफन. १९४४. बाळंतपणात. ओळ तिसरी.

"आजी, ती पळाली नव्हती गं!"

कांताबाईने मायच्या नावावरून बोट फिरवलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

खर्र... खर्र...

कुणीतरी खुरपत होतं.

"कोण आहे?" अक्षताने विचारलं.

"कोणीच न्हाई, ताई," रामकिसन म्हणाला. "ह्या साली मी खुरपं लावलंच न्हाई."

तिघं बाहेर आली. आवाज थांबला.

कबरस्तानात कमरेएवढं गवत. तिसऱ्या ओळीत झुंबरबाई कुठं, ओळखूच येईना.

पण भिंतीबाहेर, लिंबाखाली, हातभर जागा... स्वच्छ खुरपलेली. माती ओली. पावलाचा ठसा एकही नाही.

रामकिसनचा चेहरा उतरला. "बाप्तिस्म्याआधी गेलेली लेकरं पहिले भिंतीबाहेर पुरायचे, मावशी. वहीत नाव बी नसायचं."

कांताबाईने त्या ओल्या मातीवर हात ठेवला. "मंग हे माझ्या पाठचं. माय ह्याच्यापाशी येऊन राह्यली. माझ्यापाशी न्हाई आली कधी."

जानेवारीत कांताबाई गेली. तिला जालन्यातच पुरलं, मायपासून लांब.

पावसाळा सरल्यावर अक्षता फुलं घेऊन गेली. आजूबाजूच्या कबरींवर गुडघाभर गवत.

आजीच्या कबरीवर... काडीही नाही. माती ओली.

राखणदार म्हणाला, "इकडं कुणी येतच न्हाई."

अक्षता भ्यायली. अजूनही ती तिथं एकटी जात नाही. पण त्या दिवशी ती उभ्या उभ्या रडली.

निघाली, तर पाठीमागून आवाज आला...

खर्र... खर्र...

तिने वळून पाहिलं नाही. ऐंशी वर्षांनी भेटलेल्या मायलेकींच्या मध्ये कशाला यायचं?