डावी बाजू

स्टुलावर उभी राहून ती दुकानाची पाटी पुसत होती, तेवढ्यात खालून कोणीतरी विचारलं, "गिटारवाले काका आहेत?"

"नाहीत." बाबांना जाऊन चार महिने झाले होते. "मुलगी आहे."

"काम येतं?"

"पाटीसुद्धा पुसता येते."

तो हसला... आणि पंचाईत तिथेच झाली.

त्याला गिटार स्टिरिओ करून हवी होती. तारांखाली आवाज टिपणारे दोन पिकअप. एकाचा आवाज डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या. तिने वायरी वेगळ्या केल्या, नवा सॉकेट बसवला, हेडफोन लावून स्वतः ऐकलं. दोन्ही बाजू खणखणीत.

मग त्याने ऐकलं. "डावी रुसलीय."

"कोणावर?"

"माझ्यावरच असणार."

तिने हेडफोन काढून त्याच्या कानांवर उलटा घातला. बिघाड गिटारमध्ये असता, तर मुकी बाजू आता उजवीकडे गेली असती.

"आता?"

"अजून डावीच."

म्हणजे दोष गिटारचा नव्हता, त्याच्या कानाचा होता. सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "सांधा कच्चा राहिला असेल. परवा या."

तो परवा आला. मग पुन्हा परवा. ती तापल्या सळीने वायरीचा धडधाकट सांधा उकलायची, पुन्हा जोडायची. तो बाकावर बसून तिच्या बोटांवरचे चटके मोजायचा.

"चार. यातले माझ्यामुळे किती?"

"सगळे."

तीन आठवडे असेच गेले. एका दुपारी तो तारा जुळवत असताना त्याच्या डाव्या खांद्याशी वाकून ती हळूच म्हणाली, "आज थोडं थांबाल... माझ्यासाठी?"

तो तारा जुळवत राहिला.

बाबांनीही दुखणं असंच दडवलं होतं, तिला त्रास नको म्हणून. त्यांच्यावरचा तिचा राग अजून गेला नव्हता. ती त्याच्या समोर येऊन बसली.

"गिटार ठीक आहे. तुमचा डावा कान... डॉक्टरांना दाखवा. आजच."

त्याचा हात डाव्या कानाकडे गेला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. हेडफोन उलटा घातला तेव्हा."

"मग इतके दिवस—"

"तुम्ही परत आला नसता."

हे सांगायचं तिने किती वेगळ्या तऱ्हेने ठरवलं होतं.

"कानात दडा बसल्यासारखं वाटायचं," तो म्हणाला. "पण तुम्ही सांधा कच्चा म्हणालात... म्हणून मी निर्धास्त होतो."

तो उठला. गिटार बाकावरच ठेवली.

"पूर्वीसारखी करून ठेवा."

"ठेवते. तुम्ही..."

"भाऊ येईल न्यायला."