इंगिह म्हणजे हो नव्हे

दुपारी दार ढकलून तो आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर सोयाबीनचं पोतं होतं.

आमचं स्टार्टअप म्हणजे योग्याकार्तात, कोतागेदेच्या गल्लीत, चांदीच्या दुकानावरची एक खोली. दोघे भागीदार जेवायला गेले होते. मी एकटीच.

"म्बाक," पोतं खाली ठेवत तो, 'ताई' म्हणावं तशा अदबीने, म्हणाला, "तुमच्या यंत्राला माझी आई फार आवडलेली दिसते. रोज फोन करतं."

"मग?"

"मग रोज एक पोतं येतं. आम्ही सोयाबीन आंबवून तेंपे करतो, गोदाम चालवत नाही. अजून तीन खाली आहेत."

आमचं यंत्र जावाच्या बोलीत, अगदी माणसासारखं बोलायचं. छोट्या दुकानदारांना फोन करून विचारायचं… उद्या माल पाठवू का? मी त्याच्या आईच्या फोनचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. 'इंगिह…' शब्द लांबला आणि शेवटी हळूच खाली उतरला.

"हो म्हणाल्यात त्या," मी म्हणाले.

"तुम्ही कुठल्या?"

"बंतुलची. इथलीच."

"बंतुलची… आणि हे तुम्हाला हो वाटतं?"

वाटत नव्हतं. आमच्याकडे 'इंगिह' म्हणजे ऐकलं, बरं, आता फोन ठेव बाई. तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. पण यंत्राला शिकवताना रकाने दोनच होते, आणि इंगिह 'हो'च्या रकान्यात मीच टाकलं होतं.

"बसा ना, मस. चहा घेणार?" मीही अदबीने विचारलं.

"इंगिह."

मी चहा केला. त्याने कपाला हातही लावला नाही.

"यंत्राचा दोष नाही तर," तो हसला, "ते शिकवणारी बाईच तशी आहे."

त्याचं नाव जत्मिको. हसताना तो आधी खाली बघायचा.

महिनाअखेर जकार्ताचे गुंतवणूकदार चाचणी बघणार होते. जमलं तर सहा महिने जकार्तात काम, नाहीतर खोलीला कुलूप. मी रोज सकाळी जत्मिकोच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले, त्याच्या आईचं बोलणं ऐकायला. निदान भागीदारांना तसं सांगितलं होतं. वाफेने चष्मा धुरकट व्हायचा. केळीच्या पानात तेंपे बांधताना माझ्या पुड्या सुटायच्या; तो त्या पुन्हा बांधायचा.

"ही कुणी बांधली?" आईने एकदा विचारलं.

"पाहुणीने," तो म्हणाला.

"पाहुणी रोज येते?"

त्याने पुढचं पान उचललं. त्या दिवसापासून माझं ताट वाढलं जाऊ लागलं.

तिथेच एक गोष्ट लक्षात आली. 'सोयाबीन आणू का?' म्हटलं की आई इंगिह म्हणायच्या. 'किती उरलंय?' म्हटलं की डब्यात डोकावून खरं सांगायच्या. चूक उत्तर समजण्यात नव्हतीच, प्रश्नात होती. आम्ही यंत्राचा प्रश्न बदलला. नको असलेली पोती यायची थांबली, आणि चाचणी पार पडली.

सोमवारी जकार्ताला निघायचं होतं. जाऊ ना, असं मी सगळ्यांना विचारलं. बाबा इंगिह म्हणाले, भागीदार इंगिह म्हणाले, खालचा चांदीवालासुद्धा.

शेवटच्या सकाळी जत्मिको दाराशी केळीची पानं पुसत होता.

"मी जाऊ?"

त्याने वर पाहिलं. "यंत्र सुधारलं. तू नाही सुधारलीस."

तू… म्बाक नाही. मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"बरं. मी गेलेलं… तुला कसं वाटेल?"

त्याने पानाच्या शिरेवरून बोट फिरवलं.

"मला नको आहे," तो म्हणाला. "तू गेलेलं नको आहे."

आत आईच्या हातातलं झाकण वाजलं.

"पण जा. तू विचारलंस म्हणून मी माझं सांगितलं. तुझं काम त्याहून वेगळं आहे."

"आणि तू?"

"दर रविवारी जकार्ताला गाडी असते. आदल्या दिवशी बांधलेलं तेंपे प्रवासात छान धरतं."

"म्हणजे फक्त तेंपे द्यायला येणार?"

"नाही," तो म्हणाला, आणि या वेळी त्याने खाली बघितलं नाही.

एकाच सकाळी दुसऱ्यांदा तोंडावर नकार. गल्लीतल्या कुणी ऐकलं असतं, तर पोराला वळण लावलं नाही म्हणून त्याच्या आईला बोल लावला असता.